मागच्या दारावर दोन थापा

माझं काम बसण्याचं. ऐकून लोक हसतात. आमच्या मंडळात दोर लावून दरीत उतरणारे आहेत, धरणात बुडी मारणारे आहेत, सापडलेल्याला गाडीत घालून दवाखान्यात पोचवणारे आहेत, आणि एक मी आहे. बाकीचे धावतात तेव्हा मी नातेवाइकांजवळ बसते. दरीच्या कठड्याशी, नदीच्या काठावर, शवागाराबाहेरच्या बाकावर, जिथं ते असतील तिथं. आता गुडघे साथ देत नाहीत, जमिनीवर बसले तर उठवायला माणूस लागतो, म्हणून गेल्या वर्षापासून बाहेर जाणं सोडलं. निवृत्त झाले म्हणावं तर आधी कुणी नेमलेलं असावं लागतं. मला कुणी नेमलंच नव्हतं.

शिळफाट्यावर माझी खानावळ होती. पोळीभाजी, वरणभात, पावसाळ्यात भजी. घाटात गाडी गेली की मंडळाची पोरं माझ्या दारावरूनच निघायची आणि चिखलाच्या पायांनी परत आली की माझ्याकडंच चहा प्यायची. एकदा त्यांनी एका बाईला आणून माझ्या बाकावर बसवलं. "काकी, हिच्याकडं जरा बघा, आमी आलोच." तिचा नवरा ट्रकसकट दरीत गेला होता. मी गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून काहीच बोलले नाही. संध्याकाळी तिला खरं सांगायची वेळ आली तेव्हा तिनं माझा हात धरला आणि तो पुढं किती तरी वेळ सोडला नाही. तेव्हापासून फोन आला की आण्णा आधी दोरवाल्यांना बोलावतात आणि मग मला. आण्णा म्हणजे आमचे प्रमुख. गॅरेज चालवतात, तोंडानं फटकळ, पण दरीत माणूस अडकला की गिऱ्हाइकाची गाडी अर्धी खोललेली तशीच टाकून पळतात.

बसायचं असतं म्हणजे नुसतं बूड टेकायचं नसतं. कुणाच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. समोर बसलं की माणूस आपल्या चेहऱ्यावर बातमी शोधत राहतो. 'धीर धरा' म्हणायचं नाही, 'सगळं नीट होईल' तर मुळीच नाही. चहात साखर जास्त घालायची. हाताला काही तरी काम द्यायचं, ही पिशवी धरा, ही छत्री धरा. खालून कुणी ओरडलं तर आपण मान वळवायची नाही, कारण आपली मान वळली की त्यांचा जीव खाली जातो. हे मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत समजलं, आणि चुकले तेव्हा समोरच्याचं ऐकूनही घेतलं.

माणसंही तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका गृहस्थांचा भाऊ गाडीत चिरडला होता आणि ते मला दुपारभर नव्या सीट कव्हरचं कौतुक सांगत होते. आमच्या एका पोराला त्यांचा राग आला. मला नाही आला. ती कव्हरं भावानं हौसेनं निवडली होती. एका म्हाताऱ्या आजींनी बुडालेल्या नातवाला वर काढणाऱ्या पोराला चिखलाचे पाय सतरंजीवर आणले म्हणून असं झापलं की तो बिचारा नदीत परत जाऊन पाय धुऊन आला. मग आजी रडल्या. तोवर त्यांना रडायला जागाच मिळाली नव्हती.

आणि एक तो तरुण नवरा. धुक्यात दुचाकी घसरली, तो रस्त्यावर पडला, बायको कठड्यावरून खाली गेली. तो सारखा तिला फोन लावत होता. खाली झाडीत घंटी वाजायची, बारीकशी, आणि दोरवाले ओरडायचे, "वाजवत राहा दादा, वाजवत राहा!" त्यांना त्या आवाजावरून दिशा मिळत होती. त्याला वाटत होतं, ती उचलेल. "रागावलीय," मला म्हणाला, "मीच जोरात चालवत होतो." शेवटी एकदा त्यानं लावला आणि पलीकडून फोन कापला गेला. तो झटक्यात माझ्याकडं वळला. असा चेहरा मी माणसाचा फार कमी वेळा पाहिला आहे. "काकी, कट केला तिनं!" म्हणाला. आमच्या पोरानं कापला होता. तो तिच्यापर्यंत पोचला होता आणि त्याला ती घंटी सहन झाली नाही. त्या दिवसापासून मंडळात ठरलं, गेलेल्याच्या फोनला हात लावायचा नाही, वाजतोय तर वाजू द्यायचा. आमचे सगळे नियम असेच झाले आहेत. प्रत्येकामागं कुणी तरी भाजलेलं आहे.

भोंग्याचा नियमही त्यातलाच. आमच्या गाडीच्या सायरनला आम्ही भोंगाच म्हणतो. माणूस जिवंत असला तर भोंगा वाजवत जायचं, गेलेला असला तर भोंगा बंद, दिवा बंद, शांतपणे जायचं. मेलेल्या माणसासाठी लोकांना रस्त्यातून बाजूला हाकलू नये, असं आण्णांचं म्हणणं. माणूस गाडीत चढवला की आण्णा मागचं दार लावत आणि त्यावर हातानं थाप मारत. एक थाप म्हणजे पळव. दोन थापा म्हणजे सावकाश जा. पुढं बसलेला सुदाम त्या थापांवर गाडी काढायचा. सुदाम आमचा ड्रायव्हर, सुरुवातीपासूनचा. मागं वळून बघायचं नाही हा त्याचा स्वतःचा नियम होता. बाहेरच्या लोकांना यातलं काही ठाऊक नसायचं. पण मंडळातल्या घरांना ठाऊक होतं. आमच्या बायका, आया, पोरं लांबून भोंगा ऐकू आला की म्हणायची, आज वाचला कुणी तरी. आणि धुणीभांडी करता करता हात जोडायची.

आता कैलासचं सांगते.

कैलास पोशीरचा. भातशेती, शिवाय कंपनीत कंत्राटावर काम, आणि उरलेला वेळ मंडळाला. उरलेला म्हणजे कुठला, ते त्याच्या बायकोला विचारा. रंजना त्याला म्हणायची, "माज्याशी लगीन कशाला केलंस रं, दोराशी करायचं हुतं." तो हसायचा. सुदाम आणि तो बालपणचे दोस्त, एका ताटात जेवलेले. मंडळात सुदामला त्यानंच आणलेलं.

त्या वर्षी पूर मोठा आला. नदीकाठची घरं धुऊन निघाली आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवर वरून लोंढा आला. पूर ओसरला की आमच्याकडं दुसरा पूर येतो, कपड्यांचा. शहरातून टेंपो भरभरून येतात. लग्नातले कोट, झगमगीत घागरे, एका पायाच्या चपला. आमच्या वाडीवरचा एक म्हातारा त्यातला कोट घालून भाताची आवणी करत होता, थंडी वाजत होती त्याला, काय करणार. देणाऱ्यांना नावं ठेवत नाही, पण पूर आल्यावर काय लागतं ते पूर आलेल्याला विचारावं. लागतात झाडू, फावडी, घमेली आणि प्यायचं पाणी. वाड्यांवरच्या विहिरी गाळानं भरल्या होत्या. त्यात मेलेली जनावरं, कुजका पाला. बाया डोक्यावर हंडे घेऊन ओढ्याचं गढूळ पाणी आणत होत्या आणि पोरांना जुलाब लागले होते. म्हणून आण्णांनी ठरवलं, आपण विहिरी उपसायच्या.

एका ठाकूरवाडीवरची विहीर कैलासनं अंगावर घेतली. त्याचं स्वतःचं भात वाहून गेलं होतं, पण तो म्हणाला, "भात पुढल्या वर्षी लावता येतंय, काकी. पान्यावाचून ही लोकं उद्याचा दिस कसा काढतील?"

इथं थोडं समजावून सांगायला हवं. वीज गेलेली होती, त्यामुळं मोटर चालणार नव्हती. डिझेलचं इंजिन होतं. पण विहीर खोल असली तर काठावरचं इंजिन पाणी ओढत नाही. मग ते इंजिन विहिरीच्या आत, टप्प्यावर उतरवून चालवतात. गावोगाव शेतकरी तसंच करत आले आहेत. इंजिनाचा धूर आतच कोंडतो. काळा धूर थोड्या वेळानं विरतो आणि डोळ्यांना आत सगळं स्वच्छ दिसतं. पण विषारी वायू तिथंच असतो. त्याला रंग नाही, वास नाही.

मंडळानं टाक्यांतून, गटारांतून माणसं काढलेली होती. वायू काय असतो ते आमच्या पोरांना माहीत होतं. दरीत उतरताना एकेक गाठ तीन तीन जण तपासायचे. पण ही होती गावची विहीर. विहिरीत उतरायला कसला दोर? पोहायला शिकलेच सगळे विहिरीत. इंजिन मध्येच बंद पडलं. आण्णा पाणी शुद्ध करायची पावडर आणायला गेले होते. कैलास धूर विरेपर्यंत थांबला, मग म्हणाला, "मी चालू करून येतो," आणि पायऱ्यांनी सरळ खाली उतरला. इंजिनापाशी पोचला आणि पाय दुमडून पाण्यात गेला. त्याच्यामागं उडी मारणार होते त्यांना तेवढ्यात पोचलेल्या आण्णांनी कॉलर धरून ओढलं, एकाच्या थोबाडीत मारली. म्हणून एकच गेला. नाही तर पाठोपाठ तीन-चार जाण्याची तऱ्हा असते. मग वरून गळ टाकला. बुडालेली मढी शोधायला आम्ही जो लोखंडी गळ वापरतो तो. तो कैलासच्या पट्ट्यात अडकला. हे सगळं मला मागाहून कळलं.

मी त्या वेळी पोशीरला होते, कैलासच्याच अंगणात. विहीर उपसणाऱ्यांसाठी आम्ही बायका तिथं भाकऱ्या करत होतो. चुलीसमोर रंजना, तव्यावर भाकरी टाकायला मी उभी, आणि तिची तनू, तेव्हा दुसरीत होती, पिठाच्या डब्याशी खेळत होती. माझा फोन वाजला. आण्णा. म्हणाले, "कैलास विहिरीत पडलाय. काढतोय. रंजनाजवळ बस." आणि फोन ठेवला.

मी फोन पदरात गुंडाळला आणि सवयीनं रंजनाच्या शेजारी पाटावर टेकले. बाकी काही केलं नाही. तिनं थापायची भाकरी हातातच धरली.

"काकी," ती म्हणाली, "तुमी बसलात का?"

मी तव्यावरच्या भाकरीकडं हात नेला.

"काकी, तुमी उभ्या ऱ्हावा. माज्याजवळ बसायचं नाय. उटा म्हनते ना!" तिचा आवाज चढला. "तुमी बसल्या की काय असतं ते मला म्हाईत हाय."

मी उठले. माझ्या सगळ्या वर्षांत मला कुणी उठवलं ते तेवढंच. मी उभ्यानंच वाकून तव्यावरची भाकरी उलटली. तिनंही हातातली भाकरी थापली, तव्यात टाकली. एकमेकींकडं न बघता आम्ही भाकऱ्या करत राहिलो. जळाल्या काही. तनूला काही समजलं नव्हतं, ती पिठावर बोटानं चित्र काढत होती.

आणि मग भोंगा ऐकू आला.

आधी लांबून, कळंबच्या बाजूनं. रंजनानं मान वर केली. पूर्ण थांबून तिनं ऐकलं. जवळ येत होता. "वाजतोय," ती म्हणाली. "काकी, वाजतोय!" तिनं तनूला उचललं, पिठाच्या हातांनी, आणि अंगणातून रस्त्याकडं पळाली. "तने, बाबा हाय गं! बाबा वाचला तुजा! ऐक, भोंगा वाजतोय!" गाडी आमच्या समोरून नेरळच्या दिशेनं गेली, वाऱ्यासारखी, भोंगा फुल. तनूनं गाडीला हात हलवला. रंजना रस्त्यातच खाली बसली आणि हसायला लागली. मीसुद्धा हसले. मीसुद्धा डोळे पुसले. एवढ्या मरणांजवळ बसलेली मी, मलाही तो भोंगा खराच वाटला.

पुन्हा फोन. आण्णांनी विचारलं, "सांगितलंस तिला?"

"काय सांगायचं? भोंगा ऐकला आम्ही," मी म्हणाले.

"भोंगा?" आण्णांनी विचारलं. मग म्हणाले, "मी दोन थापा मारल्या होत्या."

पुढचं लिहीत नाही. रंजनाला मी सांगितलं एवढंच सांगते. उभ्यानंच सांगितलं.

त्याच संध्याकाळी तनूला तिच्या मामानं आपल्या गावी नेलं. लहान लेकराला मढं दाखवू नये असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं आणि त्या वेळी ते सगळ्यांना बरोबर वाटलं. ती परत आली तेव्हा दिवस उरकले होते, भिंतीवर फोटो लागला होता. तिला जवळ घेऊन सांगितलं, बाबा देवाघरी गेले. तिनं मान हलवली. रडली नाही. आम्हाला वाटलं, समजूतदार आहे.

मंडळाची बैठक झाली. रंजना आली, दारातच उभी राहिली. तिनं एकच विचारलं, "कुनी वाजवला?"

सुदाम उठून उभा राहिला. "वैनी, ट्रॅफिक हुतं. धबधब्याची गर्दी. रस्ता मिळंना, म्हनून..." सगळ्यांनी माना हलवल्या. पूर ओसरला की लगेच पर्यटकांच्या गाड्या येतातच. पण मी त्या अंगणातून रस्ता पाहिला होता. गाडी गेली तेव्हा रस्ता मोकळा होता, एक सायकलसुद्धा नव्हती. मी सुदामकडं बघितलं, त्यानं नजर चुकवली. मी गप्प बसले. बसण्याच्या धंद्यात गप्प बसण्याची सवय फार लवकर लागते.

नियम बदलला. आता आमचा भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, जिवंत असो वा गेलेला. ठीकच आहे. पण मंडळातल्या बायका भोंगा ऐकून आता हात जोडत नाहीत, त्यांना काहीच कळत नाही. आणि सुदामनं त्या दिवसानंतर बटणाला हात लावला नाही. गाडी चालवतो, पण शेजारी बसलेल्याला सांगतो, तू दाब.

रंजनाला मंडळानं उघड्यावर सोडलं नाही. पोरांनी तिचं शेत लावून दिलं, आण्णांनी ओळखीनं तिला शाळेच्या खिचडीच्या कामाला लावलं. मी जायची यायची. ती बोलायची, चहा द्यायची, पण मला बसू द्यायची नाही. कारण काढायची. "काकी, जरा ती डाळ निवडा की, उजेडात उभ्या ऱ्हावा." मी ओट्याला टेकून डाळ निवडायची.

मग एकदा ती स्वतः खानावळीवर आली. म्हणाली, "काकी, शाळेत भोंगा ऐकू आला की तनी वर्गातून पळते. रस्त्यावर जाऊन हुभी ऱ्हाते. बाई वराडतात, तरी. रस्त्यावर गाड्या हायत वो काकी. मागल्या आठवड्यात एक टेंपो करकचून थांबला म्हनून..." मग म्हणाली, "तुमी लोकांजवळ बसता ना? माज्या पोरीजवळ बसा."

मी बसले. शाळा सुटली की तिच्या घरी जायची, ओसरीवर तनूच्या शेजारी बसायची. पोरगी गोड. अभ्यास करायची, मधूनच गाणं म्हणायची. तो रस्ता कर्जत-नेरळकडं जाणारा, भोंगे येतच राहतात, सगळे काही आमचे नसतात. लांबून आवाज आला की ती पेन्सिल खाली ठेवून उठायची, अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहायची, गाडी गेली की येऊन पुन्हा बसायची. चेहऱ्यावर काही नाही. दिवा विझवायला उठावं तशी उठायची.

एकदा मी विचारलं, "कुणाला बघतेस गं?"

"बाबांना."

"बाबा देवाघरी गेले ना बाळा?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच लहान आहे. "काकी, भोंगा वाजला म्हंजी मानूस जिता. बाबांच्या गाडीचा वाजला. मी ऐकला, तुमी ऐकला, आईनी ऐकला. तुमचाच नियम हाय तो. मंग बाबा दवाखान्यात पोचले. आता कुठल्या तरी दवाखान्यात हायत, बरे झाले की येतील. आईला म्हाईत नाय."

तिचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच तिला जे शिकवलं त्याला धरून ती नीट विचार करत होती. मी म्हणाले, चुकून वाजला. ती म्हणाली, तुमी कदी चुकत नाय, बाबा सांगायचे. मी गुडघे धरून उठले आणि मला त्या दिवशी रस्त्याच्या कडेला रडू आलं.

मी सुदामकडं गेले. गॅरेजच्या मागं गाडी धूत होता. म्हणाले, "तुला यावं लागेल. आणि ट्रॅफिक सांगू नकोस. मी रस्ता बघितलाय."

त्याच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली. "काकी, मी कुनाला सांगितलं नाय ते."

"मला नको सांगू. तिला सांग."

रविवारी तो गाडी घेऊन आला. भोंगा न वाजवता. अंगणाबाहेर उभी केली. तनू गाडीकडं बघत उभी राहिली, मग जवळ गेली. सुदामनं पुढचं दार उघडून तिला आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं. मी खिडकीशी उभी होते. रंजना उंबऱ्यात, खरकट्या हातानं.

"बाबा ह्याच गाडीत हुते?" तनूनं विचारलं.

"हो. मागं. हितं." सुदामनं मागच्या बाजूला बोट केलं.

"जिते?"

"नाय बाळा. वर काढले तवाच गेलेले. आण्णांनी दोन थापा मारल्या."

"मंग तुमी भोंगा का वाजवला? मेलेल्याला घाई कसली?"

सुदामनं स्टिअरिंगवर हात ठेवले. मला वाटलं, आता पुन्हा ट्रॅफिक सांगतो की काय.

"मी कदी मागं बघत नाय," तो म्हणाला. "त्या दिवशी बघितलं. तुजा बाप हुता गं, माजा दोस्त. आनि त्याचा पाय हालला. अंगठा. मी बघितला हालताना. मी बटन दाबलं आनि गाडी पळवली. मंग पुढं कळलं, गाडी खड्ड्यात गेलेली, म्हनून हालला. सारखाच हालत हुता, परत्येक खड्ड्याला."

"कळल्यावर बंद का नाय केला?"

"बंद केला असता तर मेला असता गं तो."

तनूनं त्या बटणाकडं बघितलं. मग म्हणाली, "वाजवा काका."

सुदामनं मान हलवली, नाही. तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं हात उचलला आणि बटण दाबलं. भोंगा सुरू झाला. शेजारपाजारची माणसं दारात आली, कुत्री भुंकायला लागली, कुणी तरी विचारलं, काय झालं, कोण हाय. तनू ऐकत राहिली. त्या दिवशी अंगणात तिच्या आईनं ऐकला होता तसाच, मान जरा वर करून. सुदामच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्याचा हात बटणापासून हलत नव्हता.

"आता बंद करा, काका," ती म्हणाली.

त्याला जमेना. तिनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच बंद केला.

मग ती खाली उतरली, अंगणातून चालत आईकडं गेली आणि तिच्या कमरेला मिठी मारून मोठ्यानं रडायला लागली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. रंजना तिला घेऊन उंबऱ्यातच खाली बसली. मी जवळ गेले आणि सवयीनं उभी राहिले, ओसरीच्या खांबाला धरून.

रंजनानं पोरीच्या डोक्यावरून हात न काढता वर बघितलं. शेजारची जागा हातानं पुसली.

"बसा काकी," ती म्हणाली.